गिरगाव कळायचं तर भाडेपावती वाचावी लागते

गिरगावचा विषय निघाला की बोलणं हमखास गणपती, मिसळ आणि चाळीतल्या शेजाराकडे वळतं. ते सगळं खरं आहे आणि मलाही प्रिय आहे. पण तेवढ्यानं गिरगाव समजत नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आतल्या गल्ल्यांत वळा. एका हाताला टेकूंवर तोललेली तीन मजली चाळ, पलीकडे तीस-पस्तीस मजल्यांचा टॉवर, आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. चाळीतल्या खोलीची पावती काही शे रुपयांची, टॉवरमधल्या फ्लॅटची किंमत कोटींत. हे दोन्ही शेजारीशेजारी कसं काय उभं राहिलं? ज्या मध्यमवर्गीय मराठी माणसानं हा भाग घडवला तो इथे शंभर वर्षं कसा टिकला, आणि आता का निघून चाललाय?

या प्रश्नांचं उत्तर आठवणींत कमी आणि जमिनीची मालकी, घराची बांधणी व भाड्याचा कायदा यांत जास्त सापडतं. कायद्याचा भाग किचकट आहे म्हणून आपण तो टाळतो. म्हणूनच तो इथे सावकाश सांगतो आहे.

आधी एक गल्लत दूर करू. गिरगाव म्हणजे गिरणगाव नव्हे. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात कापडगिरण्या होत्या, तिथल्या कामगारांच्या वस्तीला गिरणगाव म्हणतात. गिरगाव त्याच्या बरंच दक्षिणेला आहे. पश्चिमेला चर्नी रोड स्टेशन आणि चौपाटी, पूर्वेला भुलेश्वर-काळबादेवी, उत्तरेला प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस, दक्षिणेला चिराबाजार. इथला माणूस गिरणीत कमी आणि कचेरीत जास्त जायचा. कारकून, शाळामास्तर, छापखान्यातला खिळे जुळवणारा, वकिलाचा मुन्शी, सोनार, बँकेतला कॅशियर ही इथली वस्ती. चाळी दोन्हीकडे होत्या, पण गिरणगावातल्या खोल्यांत गावाहून एकटे आलेले गिरणीकामगार दाटीवाटीनं राहत, तर गिरगावच्या खोलीत बहुतेक कुटुंब असे.

वाड्यांचा नकाशा

खोताची वाडी, कांदेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, गायवाडी, झावबाची वाडी, उरणकरवाडी. ही नावं वाचली की इथे आधी काय होतं ते कळतं. मुंबई बेटाचा हा भाग नारळीपोफळीच्या आणि फळझाडांच्या बागांचा होता. माडाची ताडी काढणारे भंडारी, किनाऱ्यावरचे कोळी, पाठारे प्रभू, पाचकळशी, सारस्वत, सोनार आणि ईस्ट इंडियन म्हणवणारे मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती अशी इथली जुनी वस्ती. बागा खाजगी मालकीच्या होत्या आणि प्रत्येकीला आपलं कुंपण होतं.

पुढे शहर वाढलं तेव्हा इथे कुणी आधी रस्ते आखून मग घरं बांधली नाहीत. प्रत्येक मालकानं आपल्या कुंपणाच्या आत, आपल्या सवडीनं आणि आपल्या पैशानं इमारती उभ्या केल्या. म्हणून आजही वाडीत शिरायला बहुधा एकच तोंड असतं, आत मधे थोडी मोकळी जागा, भोवती इमारती आणि पुढे वाट बंद. अनोळखी माणूस आत आला की चार जणांच्या लक्षात येतं, कारण पलीकडे कुठे जायला तो या वाटेनं येणारच नाही. गणपतीचा मांडव, लग्नाची पंगत, मुलांचं क्रिकेट, मयताला जमलेली माणसं या सगळ्याला तीच मधली जागा. ‘आमच्या वाडीतला’ या शब्दांत जो हक्क ऐकू येतो तो या रचनेतून आलेला आहे.

खोताच्या वाडीत हे सगळ्यात जुन्या रूपात पाहायला मिळतं. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाची ही वाडी. त्यांनी इथले भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि त्यांनी पोर्तुगीज वळणाची, पुढे लाकडी सज्जा आणि बाहेरून जिना असलेली बैठी-दुमजली घरं बांधली. एके काळी इथे अशी साठच्या वर घरं होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. चाळ येण्याआधीचं गिरगाव कसं दिसत असेल याचा अंदाज येतो तो या उरलेल्या घरांमुळेच.

माणसं आली कुठून

१८०३ साली कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या वस्तीला मोठी आग लागली. त्यानंतर तटाबाहेर, एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानापलीकडे वस्ती वाढू लागली आणि बागांच्या पट्ट्यावर घरांचा भार यायला लागला. १८६० च्या आसपासच्या काही वर्षांत मात्र सगळंच एकदम बदललं. १८५७ साली विद्यापीठ आलं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. फोर्टचे तट पाडले गेले. १८६४ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर भरली. त्याच दशकात रेल्वेचा फाटा ग्रँट रोडहून दक्षिणेला चर्नी रोडमार्गे सरकला, आणि १८७४ साली शहरात घोड्यांची ट्राम धावू लागली.

सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, गोदी, बँका, छापखाने या सगळ्यांना लिहिता-वाचता येणारी माणसं हवी होती. ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड (तेव्हाचा कुलाबा जिल्हा), पुणे, सातारा आणि गोव्याकडून आली. पगार बेताचा असल्यानं त्यांना कचेरीपासून पायी अंतरावर राहायचं होतं. गिरगावहून फोर्ट अर्ध्या-पाऊण तासाची चाल. बागेच्या मालकांनी हिशेब केला: नारळापेक्षा भाडं बरं. बागा गेल्या आणि चाळी आल्या.

चाळीची बांधणी

चाळ म्हणजे एका लांब गॅलरीवर ओळीनं उघडणाऱ्या खोल्या. गिरगावची जुनी चाळ बहुधा लाकडी सांगाड्याची असते. ब्रह्मदेशातून आलेल्या सागवानाचे खांब आणि तुळया, मधे विटांची भिंत, वर मंगलोरी कौलं. बिऱ्हाडाला एक खोली, किंवा पुढची खोली आणि मागचं स्वयंपाकघर, सगळं मिळून दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. कोपऱ्यात मोरी. वर पोटमाळा, त्यावर पिंप, गाद्या, जुनी पुस्तकं आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसलेला मुलगा. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. पाणी पहाटे ठरल्या वेळी येणार आणि त्या वेळेवर साऱ्या घराचा दिवस बांधलेला.

खोलीत मावत नाही ते गॅलरीत येतं. वाळत घातलेले पापड, शाळेचा अभ्यास, दुपारचं निवडणं-टिपणं, रात्री अंथरूण, पाहुणे जास्त झाले की त्यांची बसायची सोय. आजारी माणसाला डॉक्टरकडे कोण नेणार हे इथे वेगळं ठरवावं लागत नाही, कारण खोकला आधीच चार दारं ऐकू गेलेला असतो. हीच बांधणी खाजगीपण मुळीच देत नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला, घरातून कमी बाहेर पडणाऱ्या बायकांना, चाळीच्या रीतीत न बसणाऱ्या माणसाला ही उघडी गॅलरी जाचकही झालेली आहे. जातीच्या भिंतीही इथे होत्या. एखाद्या वाडीत किंवा चाळीत खोली कुणाला द्यायची हे मालक आडनाव ऐकून ठरवत. चाळीच्या आठवणी सांगताना आपण हा भाग गाळतो. तो गाळू नये.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारं यांकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं समुद्राची हवा आत यावी म्हणून दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. आजचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता हा त्यातलाच. वाड्यांच्या आतला नकाशा मात्र होता तसाच राहिला.

एवढ्या छोट्या जागेत इतकं काही

दोन-अडीच चौरस किलोमीटरही नसेल एवढ्या भागात इतक्या संस्था का उभ्या राहिल्या, हा प्रश्न मला नेहमी पडतो. भावनेचं उत्तर सोपं आहे, पण मला व्यवहाराचं उत्तर जास्त पटतं. घर लहान होतं म्हणून माणसं बाहेर जमत. कचेरीतून चालत घरी येत म्हणून संध्याकाळ हाताशी असे. शिकलेली माणसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहत. आणि भाडं कमी होतं, त्यामुळे मंडळाची वर्गणी, नाटकाचं तिकीट, वाचनालयाची फी परवडे.

जॉन विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज झालं. १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि पुढे त्याच्या मंदिरावरून त्या नाक्यालाच हे नाव पडलं. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. तो मुंबईतल्या पहिल्या सार्वजनिक गणपतींतला, आजही तिथे मूर्ती लहान असते आणि मिरवणूक पालखीतून निघते. १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि १९३१ मध्ये मॅजेस्टिकला ‘आलम आरा’, म्हणजे या देशातल्या मूकपटाची आणि बोलपटाची सुरुवात चालत जाण्याच्या अंतरात झाली. बी. आर. देवधरांनी १९२५ साली ऑपेरा हाऊसजवळ काढलेल्या संगीत विद्यालयात कुमार गंधर्व शिकले. ब्राह्मण सभेचा गणेशोत्सव आणि लक्ष्मीबागेतल्या बैठकी गाणं ऐकणाऱ्यांना ठाऊक असतात. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह केळेवाडीत आहे. वाडीतच, चाळींना लागून. लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले ते १९२० साली याच चौपाटीवर.

या संस्था इथल्या माणसांच्या उरलेल्या वेळावर आणि उरलेल्या पैशांवर चालल्या. तो पैसा पुढेही उरत राहिला याचं मोठं कारण खालच्या भागात आहे.

गोठलेलं भाडं

पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा १९१८ साली मुंबईत भाड्यावर पहिल्यांदा तात्पुरता लगाम बसला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा आला. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांचे लोंढे आले, घरांचा तुटवडा भयंकर झाला आणि १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याचा गाभा असा: १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं तेच तिचं ‘प्रमाणित भाडं’. त्याहून जास्त मालकानं घ्यायचं नाही आणि ते भाडं नियमित भरणाऱ्याला सहजासहजी काढायचं नाही. ही सोय काही वर्षांपुरती होती. मुदत वाढत गेली आणि ती पन्नासहून अधिक वर्षं टिकली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १९४० मध्ये एका खोलीचं भाडं १० रुपये होतं. त्या काळी हे बाजारभावानं योग्य भाडं. १९६० मध्ये मूळ भाडं १० रुपये, १९८० मध्ये १० रुपये, १९९९ मध्येही १० रुपये. कराचा आणि पाण्याचा भार वर जोडला जाई, पण मालकाच्या हातात पडणारी मूळ रक्कम तीच. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं कायमचं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं एकदा पाच टक्के आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. म्हणजे आपले १० रुपये साडेदहा झाले आणि पंचवीस वर्षांनी साधारण २८. बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक भागभांडवलाच्या कंपन्या यांना या कायद्यानं संरक्षणातून वगळलं, त्यामुळे तळमजल्यावरच्या बँकेच्या शाखेला बाजारभावानं भाडं द्यावं लागू शकतं आणि वरच्या बिऱ्हाडाला नाही.

भाडेकरूच्या बाजूनं पाहिलं तर या कायद्यानं एका पिढीचं आयुष्य उभं केलं. मुलांची शिक्षणं झाली, कर्ज न काढता शहराच्या मध्यात राहता आलं. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर ज्या इमारतीचं सगळं भाडं गोळा केलं तरी एका जिन्याची दुरुस्ती होत नाही, तिच्यात त्यानं पैसे का घालावेत? मालकानं हात आखडता घेतला, भाडेकरूनं ‘घर माझं नाही, मी का करू’ म्हटलं, आणि मुंबईचा पाऊस दरवर्षी आपलं काम करत राहिला. मोरी आणि संडासाच्या बाजूला पाणी मुरतं, भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. बाहेरून रंग दिलेली चाळ आतून खचते ती बहुधा याच बाजूनं. या पडझडीला एकटा मालक किंवा एकटा भाडेकरू जबाबदार धरणं मला अन्यायाचं वाटतं. तात्पुरता कायदा कायमचा करून टाकणाऱ्या सगळ्याच सरकारांचा यात वाटा आहे.

पागडी

भाडं गोठलं तरी जागेची खरी किंमत कुठेतरी वाट काढणारच. ती वाट म्हणजे पागडी. नवा भाडेकरू जागेत शिरताना मोठी रक्कम मोजतो आणि पुढे नाममात्र भाडं भरतो. जुना भाडेकरू सोडून जाताना येणाऱ्याकडून रक्कम घेतो आणि तिचा एक हिस्सा मालकाला देतो, तेव्हाच मालक नव्या नावानं पावती फाडतो. हा हिस्सा कायद्यानं ठरवलेला नाही, पण प्रथेनं साधारण तिसरा भाग धरतात. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी व्यवहार सर्रास चाले. १९९९ च्या कायद्यानं तिला मान्यता दिली. पागडीवाला पुरता मालक नसतो आणि साधा भाडेकरूही नसतो. जमीन त्याची नाही, पण राहण्याचा हक्क त्यानं पैसे मोजून घेतलेला असतो.

म्हणून गिरगावच्या कपाटातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद म्हणजे भाडेपावती. एखादी हातात घेऊन पाहा. वर वाडीचं आणि मालकाच्या ट्रस्टचं नाव, खाली खोलीचा नंबर, मग भाडेकरूचं नाव, आणि ते नाव पुष्कळदा वारलेल्या आजोबांचं असतं. त्याखाली रकाने: भाडं, वाढ, पाणीपट्टी, दुरुस्ती उपकर. एकूण रक्कम एका संध्याकाळच्या हॉटेलच्या बिलाएवढी. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला हक्क मिळतो, पण ‘सोबत राहत असलेल्या’ हे सिद्ध करावं लागतं. आणि योग्य कारण नसताना जागा सहा महिने सलग वापराविना ठेवली तर ती परत मागण्याचा मालकाला आधार मिळतो. डोंबिवली, बोरिवली, ठाण्याला मोठं घर घेतलेल्या कुटुंबाचा एक मुलगा गिरगावच्या खोलीत झोपायला का येतो, एकाचं रेशनकार्ड त्याच पत्त्यावर का राहतं, विजेचं बिल थोडं तरी यावं म्हणून पंखा का चालू ठेवतात, हे सगळं या दोन कलमांतून उलगडतं.

टेकू आणि उपकर

साठच्या दशकात जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारनं १९६९ साली कायदा करून इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ नेमलं. आज ते काम म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. शहर बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे सेस, बसला. अशा १९,६४२ इमारती होत्या आणि १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती ‘अ’ वर्गात गेल्या. गिरगावच्या बहुतेक चाळी याच वर्गातल्या. उपकराच्या पैशातून होणारी दुरुस्ती पुरी पडत नाही, म्हणून आधी टेकू लागतात. टेकू काही महिन्यांसाठी असतात, पण त्यांच्याभोवती सायकली लावत मुलं मोठी होतात. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली की राहणाऱ्यांना संक्रमण शिबिरात पाठवतात. सायन प्रतीक्षानगर, गोरेगाव, मालवणी अशा ठिकाणी काही वर्षांसाठी गेलेल्या कितीतरी कुटुंबांची दुसरी पिढी तिथेच वाढली. या भीतीपोटी धोकादायक चाळीतली माणसंही नोटीस हातात असताना खोली सोडत नाहीत. बाहेरून हे हट्टासारखं दिसतं. आत राहणाऱ्याला ठाऊक असतं की ताबा गेला की हातात फक्त आश्वासन उरतं.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक धाडसी प्रकरण आलं: सत्तर टक्के भाडेकरूंनी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन उपकरप्राप्त इमारत संपादन करता येईल. मालकांच्या संघटनेनं ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येईल का, हा त्यातला घटनेचा प्रश्न होता. नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमतानं निकाल दिला की सरसकट तसं मानता येणार नाही. मुंबईच्या चाळींच्या भांडणातून देशभरातल्या मालमत्तेच्या हक्काची व्याख्या ठरली, ही गोष्ट चाळीतल्याच पुष्कळांना माहीत नसते.

टॉवर एवढा उंच का होतो

विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी आहे. ते समजायला एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, लक्षात घ्यावा लागतो. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर ३ एफएसआय असेल तर तीन हजार चौरस मीटर बांधता येतं. ३३(७) मध्ये ३ एफएसआय, किंवा जुन्या रहिवाशांना घरं द्यायला लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या निम्मं प्रोत्साहन म्हणून, यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. प्लॉट एकत्र केले तर प्रोत्साहन आणखी वाढतं. रहिवाशाला त्याच्या खोलीएवढं, पण किमान ३०० चौरस फुटांचं घर फुकट द्यायचं. वरची घरं बाजारात विकून बिल्डर खर्च आणि नफा काढतो.

आता गंमतीचा नव्हे, काळजीचा भाग. चाळ जितकी दाट, तितकी पुनर्वसनाची घरं जास्त, तितकं प्रोत्साहन जास्त, तितका टॉवर उंच. म्हणजे सगळ्यात अरुंद गल्लीतल्या सगळ्यात गच्च चाळीवर सगळ्यात मोठी इमारत उभी राहते. पाण्याची लाइन, गटार आणि अग्निशमनाच्या गाडीला वळायची जागा मात्र जुनीच. गाड्यांसाठी खालचे अनेक मजले पोडियम होतात, त्यामुळे रस्त्याला लागून दुकानं-दारं असतात तिथे कोरी भिंत येते. वाडीच्या मधली मोकळी जागा या गणितात कुठेच मोजली जात नाही, म्हणून तीच आधी जाते.

संमतीचा टक्काही पूर्वीच्या सत्तरवरून ५१ वर आला आहे. त्यानं अडलेली कामं सुटतात, आणि ४९ टक्के माणसं नको म्हणत असतानाही करार होऊ शकतो. ज्या चाळी मालकानं वर्षानुवर्षं लटकत ठेवल्या त्यांच्यासाठी २०२० साली म्हाडा कायद्यात ७९-अ हे कलम मंजूर झालं: धोकादायक इमारतीत आधी मालकाला सहा महिने, त्यानं प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तरीही न झाल्यास म्हाडा. या कलमाखालच्या नोटिसांवरून न्यायालयात वादही झाले आहेत.

भुयारी मेट्रो ३ नं यात आपली भर घातली. गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी मोठा विरोध केला आणि त्याच परिसरात पुनर्वसनाचं वचन मिळवलं. शहरातल्या फार थोड्या प्रकल्पग्रस्तांना हे साधलं आहे, आणि ते साधलं कारण चाळकमिट्या जिवंत होत्या, एका सांगाव्यावर माणसं गोळा होत होती.

मग मराठी माणूस का जातो

बिल्डर हाकलतो असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. माणसं पुनर्विकासाच्या कितीतरी आधीपासून जात आहेत. एका खोलीत तीन भावांचे संसार मावत नव्हते म्हणून दादर, पार्ले, मग डोंबिवली-बोरिवली असा प्रवास विसाव्या शतकातच सुरू झाला. पुनर्विकासानं त्यात एक नवी गोष्ट आणली. भाडेपावतीच्या जागी माणसाच्या हातात मालकीचा कागद आला. पावतीवरची खोली सोडली तर हिस्सा मालकाला द्यावा लागे आणि घेणारा शोधावा लागे. मालकीचा ३०० चौरस फुटांचा फ्लॅट विकला तर उपनगरात दोन घरं येतात. दोन भावांत वाटणी करायची तर हाच सरळ रस्ता. ज्या अर्धवट हक्कानं माणसाला इतकी वर्षं बांधून ठेवलं होतं, तो पूर्ण झाल्यावर त्याची पावलं सुटली. याला मी दोष देणार नाही. संडासाला रांग न लावता म्हातारपण काढायचा हक्क गिरगावकरालाही आहे.

दुसरं कारण महिन्याचा खर्च. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, आगीची यंत्रणा यांची देखभाल हजारांत जाते. जिथे शे-दोनशेत भागत होतं तिथे निवृत्त शिक्षकाला हे झेपत नाही. नियमावलीत दहा वर्षांच्या देखभालीसाठी बिल्डरनं कॉर्पस फंड, म्हणजे राखीव रक्कम, ठेवायची तरतूद आहे. ज्यांच्या वाडीत आता करार चालू आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं असं, की चौरस फुटांवर भांडताना या गोष्टीही लिहून घ्या. फंड किती, कुणाच्या नावावर, व्याज कुणाला. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या इमारतींची देखभाल एकत्र की वेगळी. गणपतीला आणि बाराव्या-तेराव्याला तळमजल्यावर सगळ्यांसाठी उघडी जागा किती, आणि ती नकाशात दाखवली आहे का. जुन्या दुकानदाराला रस्त्याच्याच बाजूला जागा मिळणार का. तोंडी कबूल केलेला हॉल मंजूर नकाशात सोसायटीचं ऑफिस होऊन येतो. आणि दहावं वर्ष संपल्यावर देखभालीचा वाढीव आकडा कोण भरणार, हे सही करण्याआधीच्या सभेत विचारा, कारण त्या सभेत अजून सगळे जुने शेजारी हजर असतात.